आधी गवत: सड्यावरच्या जुन्या खाणीच्या नोंदी

१८ जानेवारी

आज पहिल्यांदा सगळी खाण पायी फिरले. राधानगरी तालुक्याच्या पश्चिम अंगाचा सडा. कोल्हापुरातून भोगावतीच्या कडेनं उसाची शेतं संपेपर्यंत यायचं, मग घाट चढायचा. वर आलं की एकदम सपाट जांभा, झाड जवळपास नाही, वारा मात्र भरपूर. याच सड्याचा साधारण नऊ हेक्टरचा तुकडा खणून काढलाय. बॉक्साइट संपल्याला बरीच वर्षं झाली. डंपर बंद झाले, रस्ता उखडला. खड्डा आणि ढीग तसेच राहिले. ते सावरून सडा पुन्हा जिवंत करायचं काम वाडीतल्या माणसांबरोबर हाती घेतोय.

खाणीच्या उभ्या कापात सगळी गोष्ट दिसते. वर काळपट कडक जांभ्याचा पापुद्रा, त्याखाली भोकाभोकांचा जांभा आणि त्यात बॉक्साइटचे खिसे, सगळ्यात खाली पांढरट-जांभळट चिकण. मूळ खडक दख्खनचा काळा पत्थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाखो वर्षं पावसानं त्यातली वाळूची द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. जांभा पाणी पितो, चिकण पिऊ देत नाही. म्हणून दोघांच्या सांध्यातून, सड्याच्या कडेला झरे फुटतात. खालच्या वाडीचा झरा असाच. खाणीनं झऱ्याच्या डोक्यावरचा स्पंज उचलून नेला आणि चिकण उघडी टाकली.

वाडीतल्या आजी झऱ्यावर भेटल्या. म्हणाल्या, "खाणीआधी मे म्हैन्यात बी घागर भरायची बाई. आता शिमग्यालाच धार करंगळीएवढी हुती. आन् पावसात तांबडंलाल पाणी येतंय, गाळून बी जाईना."

आज पंधरा लिटरची घागर भरायला लागलेला वेळ: ४ मिनिटं २० सेकंद. मोजमापाचा पहिला आकडा हाच. पुढं दर महिन्याला.

२ फेब्रुवारी

देवळात बैठक. तीसेक माणसं, त्यात धनगरवाड्यावरचे पाचजण. "किती झाडं लावणार?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच आला. मी सांगितलं की पहिल्या वर्षी सपाटीवर एकही नाही. बराच गलका झाला.

खाणीच्या उत्तरेला पूर्वी कधीतरी लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा आहेत. उंच वाढल्यात, लांबून हिरव्या दिसतात. बैठकीनंतर सगळ्यांना तिथं घेऊन गेले. झाडाखाली जाड, कोरडी पानं. पानं बाजूला केली तर खाली उघडी तांबडी माती आणि त्यातून गेलेल्या बोटभर खोल घळी. गवताची काडी नाही. वरून पडणारं पाणी पानावर जमून मोठ्या थेंबानं खाली आपटतं आणि खाली ते झेलायला काही नाही. धनगरवाड्यावरचे एक मामा पायानं पानं सारत म्हणाले, "सड्यावर झाड कवाच नव्हतं. सड्यावर गवात. झाड खोऱ्यात." माझं सगळं म्हणणं त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

सड्याचं मूळ रूप गवताचं आहे. माती वीतभर, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात दगड भाजतो. इथं जगणारी गवतं आणि रानफुलं त्यालाच सरावलेली. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट खाणपट्ट्यांना घालायला सांगितलं, म्हणजे जनावरांना चारा मिळावा. हे बैठकीत सांगितल्यावर म्हशीवाले पुढं सरकून बसले.

ठरलं ते असं: आधी पाणी अडवायचं आणि वळवायचं, मग उतार बसवायचे, मग गवत. झाडं फक्त कडेच्या घळींत, जिथं ती आधीपासून होती: अंजनी, जांभूळ, हिरडा, करवंद.

११ फेब्रुवारी

नळी लेव्हलनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी बघत, पाणवाटा आखल्या. खाणीचं सगळं पाणी तीन तोंडांनी बाहेर पडतं. त्यातली मधली घळ सगळ्यात वाईट, दोन पुरुष खोल, आणि तीच वाडीच्या ओढ्याला जाते. ओढा भोगावतीला, भोगावती प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेत. इथली माती कुठवर जाते याचा नकाशा वाडीतल्या पोरांनीच खडूनं देवळाच्या फरशीवर काढला.

१९ फेब्रुवारी

माती परीक्षणाचा अहवाल आला. डंपच्या, म्हणजे खणून टाकलेल्या ढिगाच्या मातीचा सामू (पीएच) ४.९, खाणीच्या तळाचा ५.३. सेंद्रिय कर्ब नगण्य.

कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीतून गंधकामुळं आम्लाचं पाणी पाझरतं, तसा प्रकार इथं नाही. बॉक्साइटच्या खाणीतून पाझरणारं पाणी सहसा विषारी नसतं, इथं नुकसान गाळ करतो. पण सामू साडेपाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं खुंटवतं. शिवाय लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) इतकं घट्ट धरून बसतात की खत घातलं तरी रोपाच्या तोंडी लागत नाही. म्हणून डंपवर चुना थोडा थोडा, आणि सुपर फॉस्फेटऐवजी रॉक फॉस्फेट, कारण आम्ल मातीत ते हळूहळू सुटत राहतं.

खणताना वरची माती वेगळी ठेवायचा नियम आहे. इथं ती ढिगाच्या पोटात गेली. परत मिळणार नाही.

४ मार्च

मधल्या घळीत अनगड दगडी बांधांना, म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून केलेल्या बांधांना सुरुवात. सोळा माणसं, त्यांत नऊ बायका. दगड खाणीतलाच, पण ठिसूळ जांभा बाजूला काढून कडक तेवढा घ्यायचा. मुकादम मामा प्रत्येक दगड हातोडीनं वाजवून बघतात. "बद्द" वाजला की फेकून देतात.

अंतराचं गणित सगळ्यांना एकदा दाखवलं. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचं डोकं एका पातळीत यायला हवं. बांध पाऊण मीटर उंच आणि घळीचा उतार दहा टक्के असेल तर साडेसात मीटरवर एक बांध. वरच्या अंगाला उतार वीस टक्के झाला की अंतर निम्म्यावर, पावणेचार मीटर. मग दोन बांधांमधलं पाणी धावत नाही, पायरीपायरीनं उतरतं आणि प्रत्येक पायरीवर थोडी माती टाकून जातं. बांध पाणी साठवायला नाही. दगडांतून पाणी जायलाच पाहिजे, फक्त जोर मोडून.

एकूण एकवीस बांध. दोन्ही काठांत हातभर खोल घुसवायचे. मधे डोकं खोलगट ठेवायचं आणि खालच्या बाजूला सपाट दगडांची फरशी घालायची, म्हणजे पडणारं पाणी पाया उकरणार नाही.

२० मार्च

पोकलेन आलं. डंपचा उतार १:१.४ होता (एक मीटर उंचीला १.४ मीटर आडवं), म्हणजे ढीग ओतल्यावर माती जेमतेम थांबते तो कोन. त्याच्यावर बी टिकत नाही, माणूसही टिकत नाही. तो १:२.५ वर आणतोय. सहा-सहा मीटरवर पायरी, पायरीचा उतार आतल्या बाजूला, म्हणजे पाणी कडेवरून न कोसळता आत येऊन चरानं निघून जाईल. डंपच्या डोक्यावरून एक वळवणी चर, सड्यावरचं पाणी डंपवर येऊच नये म्हणून.

ड्रायव्हर पोरगा कोकणातला. डंपरच्या चाकांनी घट्ट झालेला खाणीचा तळही दिवसभर त्याच्याकडून रिपरनं, म्हणजे यंत्राच्या नांगरासारख्या दातानं, फोडून घेतला, अर्धा मीटर खोल, समतल रेषेत. उताराच्या दिशेनं फोडलं असतं तर आम्हीच नव्या घळी आखून दिल्या असत्या. जिथं चिकण लागली तिथं रिपर वर घ्यायला लावला. चिकण वर आली तर वर्षभर फक्त राडा.

६ एप्रिल

वणवा. दुपारी दीडला पश्चिमेकडून धूर दिसला, अडीचला सड्यावर. आम्ही गेल्या महिन्यात तीन मीटरची जाळरेषा काढली होती म्हणून खाणीच्या हद्दीत आग आली नाही. बाहेरचं सगळं काळं झालं. वाडीतली माणसं निरगुडीच्या फांद्या घेऊन संध्याकाळी सातपर्यंत झोडपत होती. कुणाला इजा नाही.

कडेच्या घळीतली जुनी अंजनी होरपळली. फुटेल बहुतेक, मूळ खोल आहे.

९ एप्रिल

बियाण्याचा प्रश्न सुटला, आणि तो आजींनी सोडवला.

सड्यावरच्या गवताचं बी बाजारात मिळत नाही. मिळतं ते चाऱ्याच्या सुधारित जातींचं, आणि ते इथं नको. आपण जानेवारीत आलो तेव्हा गवत कापून झालं होतं, बी गळून गेलं होतं. मी पुढच्या वर्षाची वाट बघायच्या तयारीत होते. आजी म्हणाल्या, "गंजीच्या बुडाला काय असतंय बघितलंयस का?"

प्रत्येक घराच्या परड्यात गवताची गंजी असते. कार्तिकात कापलेलं सड्याचं गवत. पावसाळ्याआधी गंजी संपत येते आणि तळाला भुसा उरतो. तो भुसा म्हणजे अर्धं बीच. कुसळी, पवन्या, आणि ज्याला सगळे नुसतं "डोंगरी" म्हणतात ती दोन-तीन गवतं. शिवाय रानफुलांचं बारीक बी, जे मुद्दाम गोळा करायला गेलं तर हाती लागणार नाही. सगळं याच सड्याचं.

चौदा घरांतून बावीस पोती भुसा जमला. पोत्यावर घराची खूण आणि गवत कुठल्या अंगाचं ते लिहून ठेवलंय.

२३ एप्रिल

साखर कारखान्याची कुजलेली मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), दोन ट्रॉल्या. उसाचं पाचट, सहा ट्रॉल्या. कोल्हापुरात या दोन गोष्टींना तोटा नाही, वाहतुकीचाच काय तो खर्च.

मळी फक्त डंपच्या उतारावर टाकायची, सपाटीवर मूठभरही नाही. यावरून गटात वाद झाला. पोरांचं म्हणणं बरोबर वाटण्यासारखं होतं: खत आहे तर सगळीकडे टाकू, गवत जोमानं येईल. पण सड्याची फुलं गरीब मातीची आहेत. सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे धरून खातात ते मातीत नत्र नाही म्हणूनच. तिथं खत टाकलं तर रानमोडी आणि टणटणी आधी पोसतील आणि ही नाजूक झाडं गुदमरतील. डंपची गोष्ट निराळी, तिथं सडा परत येणार नाही, तिथं माती धरून ठेवणारं काहीही स्थानिक चालेल. सपाटीवर धीर धरायचा.

१४ मे

वळीव. चाळीस मिनिटं, गारांसकट. पाऊस उघडल्याबरोबर सगळे घळीकडे पळालो.

वीस बांध उभे. चार नंबरचा बांध मधे शाबूत आणि डाव्या बगलेतून फुटलेला. पाण्यानं काठ कापून नवीन वाट केली होती. कारण लगेच दिसलं. डोकं खोलगट ठेवायचं सोडून सरळ एका पातळीत बांधलं गेलं, दिसायला नीटनेटकं. तो बांधला त्या दिवशी मी कोल्हापुरात होते, पण नंतरची तपासणी माझीच होती आणि मी वरवर बघून पुढं गेले. दोन दिवसांत उकलून परत बांधला. काठात हाताऐवजी दीड हात घुसवला.

बाकी वीस बांधांमागं बोटभर गाळ बसलेला. मुकादम मामांनी त्यात बोट बुडवून सगळ्यांना दाखवलं.

१० जून

मृगाचा पाऊस धरला. भुसा पेरायला सुरुवात. रिपरच्या सऱ्यांत भुसा हातानं पसरायचा, वरून पाचटाचा पातळ थर, खालची माती दिसेल इतकाच. जाड झाला तर कोंब कुजतात. मुंग्या बी पळवतात म्हणून निम्मा भुसा शेण-मातीत कालवून टाकला.

डंपवर १:२.५ उतार असूनही वरची दोन पावलं धोक्याची, तिथं काथ्याची जाळी अंथरली आणि खुंट्या ठोकल्या. जाळी दोन-तीन वर्षांत कुजून जाते. तोवर मुळांनी काम हाती घ्यावं.

२४ जून

आर्द्रा. वाळ्याचे ठोंब लावले, डंपच्या प्रत्येक पायरीच्या कडेला एक ओळ. दोन ठोंबांत वीतभराहून कमी अंतर. पान वीतभर ठेवून छाटायचं. वाळ्याचं मूळ सरळ खाली जातं, तीन मीटरपर्यंत, आणि आम्ल माती त्याला सोसते. ओळ दाट झाली की ती गाळणीसारखी. पाणी जातं, माती मागं थांबते.

दिवसभर पाठीवर इरलं घेऊन बायकांनी लावणी केली. भातलावणीचाच हात, ओळ कुठं वाकडी नाही.

१२ जुलै

तरणा पाऊस लागलाय. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही.

बाटल्यांची चाचणी सुरू केली. तीन तोंडांशी लिटरची एकेक बाटली भरायची, रात्रभर स्थिर ठेवायची, सकाळी तळाचा गाळ पट्टीनं मोजायचा. शाळेतली दोन मुलं रोज करतात. आजचे आकडे: मधली घळ, बांधांच्या वर ३१ मिलिमीटर, बांधांच्या खाली ९. उत्तरेचं तोंड, ऑस्ट्रेलियन बाभळींखालून येणारं, २६. तिथं आपण काहीच केलेलं नाही. हा फरक गटातल्या कुणाला समजावून सांगावा लागला नाही, बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

२३ जुलै

म्हातारा पाऊस. सहा दिवस उघडीप नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे निरोप फोनवर येताहेत, खाली पंचगंगा पात्राबाहेर.

पहाटे डंपची तिसरी पायरी खचली. साधारण बारा मीटर रुंदीचा तुकडा जाळीसकट, वाळ्यासकट खाली आला. खालच्या गाळखड्ड्यानं बराचसा झेलला, ओढ्यात थोडा गेला.

दिवसभर पावसात उभं राहून कारण शोधलं. पायरीला आतल्या बाजूला उतार दिला होता. पण पायरीच्या लांबीत, चराच्या तोंडाकडं जो उतार हवा होता, तो या तुकड्यात नव्हताच. पाणी आत आलं आणि तिथंच साचलं. खाली नेमकी चिकण. ती भिजून लोण्यासारखी झाली आणि वरचं सगळं घेऊन घसरली. आखणी माझी होती. पायरीची रुंदी मोजली, आतला उतार मोजला, लांबीची पातळी डोळ्यानं धरली. मार्चमध्ये पोकलेनच्या भाड्याचे तास संपत आले होते आणि मी घाई केली. नळी लेव्हलनं आणखी एक तास गेला असता.

आजी छत्री घेऊन वर आल्या होत्या. खचलेलं बघून काही बोलल्या नाहीत, खालच्या बाजूला वाहून आलेले वाळ्याचे ठोंब वेचून पदरात घेत राहिल्या. ते रिकामे हातांनी बघत बसवेना, मीही वेचायला लागले. एकशे चाळीस ठोंब सापडले.

तात्पुरतं: कुदळीनं चर फोडून साचलेलं पाणी काढलं, पोत्यांत माती भरून पायथ्याला दोन थर. बाकीच्या पायऱ्यांची लांबीतली पातळी दोरीनं तपासली. पहिली आणि चौथी ठीक. दुसरीत एका जागी साचतंय, तिथंही चर फोडला.

२६ जुलै

पोती धरून आहेत. ठोंब परत लावले.

१८ ऑगस्ट

मघा. गवत आलं.

सऱ्यांमधून हिरव्या रेघा, समतल, एकाखाली एक. जिथं शेणात कालवलेला भुसा होता तिथं दाट. काही पट्ट्यांत पिवळसर आणि ठेंगणं, पण आहे. डंपवर मळीच्या जोरावर गुडघाभर, आणि त्यात रानमोडीही. ती फुलायच्या आत उपटायला हवी, बी वाऱ्यानं सड्यावर जातं. येत्या रविवारी सगळे.

१६ सप्टेंबर

खाणीबाहेरचा न खणलेला सडा आज फुलांनी भरलेला. गेंदाचे पांढरे पट्टे, सीतेच्या आसवांचा निळा, कवल्याचा पिवळा, कडेच्या दगडांत तेरडा. एप्रिलमध्ये इथं सगळं काळं होतं.

खाणीच्या तळात ओणव्यानं शोधत फिरले. दोन तास काही नाही. रिपरनं सोडलेल्या एका उथळ खळग्यात, घोटाभर पाण्याच्या कडेला, गेंदाची सात झाडं. जेमतेम चार बोटं उंच. शेजारी सीतेच्या आसवांची दोन फुलं. बी भुशातून आलं की वाऱ्यानं, सांगता येत नाही. भोवती चार दगड मांडून ठेवले, कुणी पाय देऊ नये म्हणून.

मळी इथं टाकली नाही याचं आज फार बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

रात्री गवे येऊन गेले, खुरांवरून पाच-सहा तरी. राधानगरीचं अभयारण्य जवळ आहे, त्यांना कोवळं गवत लांबून कळतं. डंपवर पायऱ्यांच्या कडा थोड्या मोडल्या, सपाटीवर फारसं नुकसान नाही. हाकलायची व्यवस्था करू नये असं माझं मत. शेण मिळालं, शेणात बी मिळालं.

वाडीच्या जनावरांना यंदा चराईबंदी, पुढच्या वर्षी कापून न्यायला परवानगी. धनगरवाड्यावरच्या मामांनी आपणहून राखण पत्करली.

२९ नोव्हेंबर

कापणी. खाणीच्या तळातून तीन गाड्या गवत निघालं, बी धरून पिकलेलं. गंजी देवळामागं रचली आणि तिच्या तळाला फाटकी ताडपत्री अंथरली, गळणारं बी वाया जाऊ नये म्हणून. चौदा घरांनी आपापल्या गंजीखालीही तसंच केलंय, न सांगता.

झऱ्यावर घागर: २ मिनिटं ३० सेकंद. गेल्या नोव्हेंबरचा आकडा आपल्याकडं नाही, त्यामुळं तुलना जानेवारीतच. एका पावसाळ्यानं झरा बदलला असं लिहिण्याइतका पुरावा हाती नाही. पाणी मात्र यंदा ऑगस्टनंतर तांबडं आलं नाही, आणि हे आजींनीच सांगितलं.

१८ जानेवारी

घागर: ३ मिनिटं ५० सेकंद. गेल्या वर्षी याच दिवशी ४ मिनिटं २०. यंदा पाऊसही उशिरापर्यंत पडत राहिला होता.

सोमवारपासून तिसरी पायरी, नळी लेव्हल घेऊन, लांबीतली पातळी आधी. पोकलेन तीन दिवसांसाठी सांगितलंय. उत्तरेच्या बाभळींत पहिली विरळणी, एकाआड एक ओळ, तिथं या वर्षीच्या गंजीचा भुसा.